'स्पेसशिप अर्थ'चे नूतनीकरण : रसिकांच्या आशा आणि शंका यांची चिकित्सा

१. प्रास्ताविक

नाटक किंवा चित्रपट यांप्रमाणे थीम पार्कमधील राइडलाही संहिता असते, निवेदन असते, नेपथ्य असते आणि प्रेक्षकही असतो. तरीही समीक्षेने या प्रकाराकडे अपवादानेच लक्ष दिलेले दिसते. त्यामुळे त्याचे एक वैशिष्ट्य दुर्लक्षित राहिले आहे. कादंबरीची सुधारित आवृत्ती निघाली तरी पहिली आवृत्ती ग्रंथालयात राहते. चित्रपट नव्याने काढला तरी जुना नाहीसा होत नाही. राइडचे तसे नाही. तिचे नूतनीकरण त्याच इमारतीत आणि बहुधा त्याच रुळांवर होते. नवी आवृत्ती उभी करण्यासाठी जुनी मोडावीच लागते. त्यामुळे एखादी जुनी राइड नूतनीकरणासाठी बंद होणार अशी घोषणा होताच तिच्या चाहत्यांच्या मनात आशा आणि शंका एकाच वेळी जाग्या होतात. या दुहेरी प्रतिक्रियेची बालपणीच्या आठवणींतला हळवेपणा म्हणून सहसा बोळवण केली जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील 'स्पेसशिप अर्थ' या राइडच्या आधारे या प्रतिक्रियेची चिकित्सा केली असून, ती हळवेपणापेक्षा पाठचिकित्सेला अधिक जवळची आहे, असे प्रतिपादन केले आहे.

२. राइडचे स्वरूप आणि आशय

'स्पेसशिप अर्थ' १ ऑक्टोबर १९८२ रोजी एपकॉट सेंटर या उद्यानाबरोबरच खुली झाली. सुमारे १६५ फूट व्यासाचा आणि ११,३२४ त्रिकोणी पैलूंचा रुपेरी गोल ही तिची वास्तू. पृथ्वी हे एक अवकाशयान आहे ही कल्पना बकमिन्स्टर फुलर यांनी लोकप्रिय केली होती. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. राइडच्या आरंभीच्या कथासूत्राला लेखक रे ब्रॅडबरी यांचा हातभार लागला होता.

राइडचा विषय आहे मानवी संवादाचा इतिहास. एकमेकींना साखळीने जोडलेली वाहने न थांबता गोलाच्या आत वर चढत जातात. वाटेत आदिमानवाची गुहाचित्रे, इजिप्तमधील पपायरस, फिनिशियन लोकांची वर्णमाला, ग्रीस व रोम, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाला लागलेली आग, तेथील ज्ञान जतन करणारे इस्लामी जगातील विद्वान, मठांत बसून ग्रंथांच्या प्रती करणारे भिक्षू, गटेनबर्गचे मुद्रणयंत्र, प्रबोधनकाळातील कलावंत, तारयंत्र, दूरध्वनी, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि संगणक अशी दृश्ये यांत्रिक पुतळ्यांच्या साहाय्याने उभी केलेली आहेत. माथ्यावर पोहोचताच अंधारात ताऱ्यांनी वेढलेली पृथ्वी दिसते. तेथे वाहने मागे वळतात आणि प्रेक्षक पाठमोरे खाली उतरू लागतात. चढणीवर भूतकाळ आणि उतरणीवर भविष्य अशी ही रचना आहे.

या आशयाच्या केंद्रस्थानी एक ठाम विधान आहे : ज्ञान टिकते ते प्रतींमुळे. एके ठिकाणी ग्रंथ जळाले तरी दुसरीकडे प्रती होत्या, म्हणून परंपरा तुटली नाही. राइडच्या नूतनीकरणाचा विचार करताना हे विधान विसरता येत नाही.

३. चार आवृत्त्या

आजवर या राइडच्या चार आवृत्त्या झाल्या. पहिली १९८२ ची. १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवरील ख्यातनाम वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या आवाजात नवे निवेदन आले. १९९४ मध्ये ती जागा अभिनेते जेरेमी आयर्न्स यांनी घेतली; संगीत बदलले आणि शेवटच्या भागातील देखावेही बदलले. २००७ मध्ये राइड पुन्हा बंद झाली आणि २००८ मध्ये जूडी डेंच यांचे निवेदन व ब्रूस ब्रॉटन यांचे संगीत घेऊन चौथी आवृत्ती सुरू झाली.

पहिली आवृत्ती सुमारे ४ वर्षे चालली, दुसरी ८, तिसरी १३ आणि चौथी त्या सर्वांपेक्षा अधिक काळ. आवृत्तीचे आयुष्य जितके लांबते तितकी तिच्याभोवती स्मृतींची पुटे चढत जातात. २००८ मध्ये आयर्न्स यांचा आवाज गेला म्हणून हळहळणारे अनेक होते. आज डेंच यांचा आवाज जाईल म्हणून हळहळणारी पिढी तयार झाली आहे. ज्याने ज्या वर्षी प्रथम त्या वाहनात पाऊल ठेवले, त्याच्या दृष्टीने तीच आवृत्ती 'मूळ' ठरते. चाहत्यांच्या युक्तिवादातील ही सर्वांत कच्ची बाजू होय. 'मूळ रूप जपा' या मागणीत मूळ कोणते, याचे एकच एक उत्तर संभवत नाही.

४. आशा : दुरुस्तीची आणि पूर्ततेची

चाहत्यांच्या आशांचे तीन स्तर दिसतात. पहिला स्तर यंत्राचा. सर्व वाहने एकाच साखळीत असल्यामुळे एका ठिकाणी अडथळा आला तरी सगळी साखळी थबकते. निवेदन आणि दृश्य यांचा मेळ हा या कलाप्रकाराचा प्राण आहे. वाहन मध्येच थांबले की तो मेळ विस्कटतो. रूळ, वाहने, पुतळे आणि ध्वनियंत्रणा यांची दुरुस्ती व्हावी, या आशेला कोणाचाच विरोध नाही.

दुसरा स्तर उतरणीचा. १९९४ च्या आवृत्तीत उतरणीवर दूरदेशीची मुले पडद्याच्या माध्यमातून परस्परांशी बोलताना दाखवली होती. २००८ मध्ये हे देखावे काढण्यात आले आणि वाहनांतच स्पर्शपटल बसवण्यात आले. प्रेक्षकाने काही प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि मग स्वतःचा चेहरा चिकटवलेले भविष्याचे विनोदी व्यंगचित्र पाहायचे, अशी ही योजना. तिच्यामुळे राइडच्या रचनेलाच बाधा पोहोचली. वर चढताना प्रेक्षक मानवजातीच्या सामूहिक प्रवासाचा साक्षीदार असतो. खाली उतरताना तो आपल्याच चेहऱ्यात गुंततो आणि भोवतालची पोकळी काळोखी राहते. शिवाय २००८ मध्ये नवलाईचे असलेले स्पर्शपटल काही वर्षांतच प्रत्येकाच्या खिशात आले. भविष्य दाखवू पाहणारा भाग भूतकाळ दाखवणाऱ्या भागांच्या आधी जुना झाला. ही उतरण पुन्हा अर्थपूर्ण व्हावी ही चाहत्यांची आशा कलादृष्ट्या रास्त आहे.

तिसरा स्तर इतिहासाचा; त्याची चर्चा तुलनेने कमी होते. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय एका आगीत नष्ट झाले हे चित्र नाट्यमय असले तरी त्या ग्रंथालयाचा ऱ्हास दीर्घकाळ चालला होता, असे अभ्यासक मानतात. मुद्रणाचा आरंभ गटेनबर्गपासून दाखवताना चीनमधील लाकडी ठशांची छपाई आणि कोरियातील धातूचे खिळे यांना स्वतंत्र दृश्य मिळालेले नाही. लेखनाला संवादाचा कणा मानल्यामुळे वेदपठणासारख्या, पाठांतराच्या कडक शिस्तीवर शतकानुशतके टिकलेल्या मौखिक परंपरेला येथे स्थान नाही. संपूर्ण मानवजातीची कथा सांगण्याचा दावा करणाऱ्या कृतीकडून ही पूर्तता अपेक्षिणे गैर नव्हे. येथे नूतनीकरण हा आशयाला न्याय देण्याचा मार्ग ठरू शकतो.

५. शंका : पुनर्लेखन कोणाचे?

ऑगस्ट २०१९ मध्ये डिस्नेने या राइडच्या मोठ्या नूतनीकरणाची योजना जाहीर केली. संवादाच्या तंत्रांऐवजी कथाकथनावर भर, प्रेक्षकाला वाट दाखवणारा 'कथेचा प्रकाश', नवे निवेदन आणि नवे संगीत ही तिची ठळक वैशिष्ट्ये होती. मे २०२० मध्ये राइड बंद होणार होती. मात्र कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये उद्यानच बंद पडले. जुलैमध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा राइड जुन्याच रूपात सुरू झाली आणि योजना बेमुदत पुढे ढकलली गेली. २०२१ मध्ये वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या पन्नाशीनिमित्त गोलाच्या बाह्यभागावर नवी प्रकाशयोजना झाली. २०२५ मध्ये गोलाच्या पायथ्याशी नवे विश्रामदालनही उघडले. बाहेरचे रूप उजळले. आतील प्रवासाचे मोठे नूतनीकरण मात्र लांबणीवरच राहिले.

या घटनाक्रमातून तीन शंका उद्भवतात. पहिली शंका लेखकत्वाची आहे. या राइडला आरंभी बेल कंपनीचे व पुढे २००३ पर्यंत ए.टी. अँड टी. चे प्रायोजकत्व होते. २००५ ते २०१७ या काळात ते सीमेन्सकडे होते. दूरध्वनी कंपनीच्या आश्रयाखाली संवादाचा इतिहास सांगितला जातो, तेव्हा त्या इतिहासाचा ओघ कोणत्या दिशेने जाणार हे उघड आहे. २००८ मध्ये ग्रीसच्या दृश्यातील रंगभूमी जाऊन तेथे गणिताचा पाठ आला. या बदलामागचे कारण काहीही असो, तंत्रज्ञानाची पूर्वपीठिका सांगण्याच्या आग्रहात नाटक हे संवादाचे माध्यम कथेतून गळाले, हे दुर्लक्षिता येणार नाही.

दुसरी शंका आशयाच्या पातळ होण्याची आहे. वर्णमाला, कागद, मुद्रणयंत्र या गोष्टी ठोस आहेत. त्यांना कारणपरंपरा आहे. 'कथा' हा शब्द मोहक असला तरी सैल आहे. कारणपरंपरेची जागा एखाद्या चमचमत्या प्रकाशाने घेतली तर प्रेक्षक सुखावेल, परंतु त्याला काही कळेलच असे नाही.

तिसरी शंका सर्वांत मूलभूत आहे, ती अपरिवर्तनीयतेची. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने न स्वीकारलेले पाठही तळटीपांत नोंदवून ठेवले. स्वीकृत पाठ चुकला असे उद्या कोणाला वाटले, तर पडताळणीची वाट खुली राहिली. राइडच्या नूतनीकरणात अशी तळटीप नसते. मोडलेला देखावा कोणी पुन्हा पाहू शकत नाही. जुन्या आवृत्त्यांविषयी जे सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग चाहत्यांनी स्वखर्चाने केलेल्या ध्वनिमुद्रणांत आणि चित्रफितींत आहे. प्रतींमुळे ज्ञान टिकते हे सांगणाऱ्या कृतीच्या प्रती तिच्या प्रेक्षकांना कराव्या लागल्या आहेत. राइडमधील भिक्षूंचे काम राइडबाहेर चाहते करीत आहेत.

६. शंकेच्या मर्यादा : अन्य उदाहरणे

चाहत्यांची प्रत्येक शंका ग्राह्य मानता येत नाही. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या १९६७ पासूनच्या राइडमध्ये बंदिवान स्त्रियांचा वधू म्हणून लिलाव करण्याचे विनोदी दृश्य होते. अमेरिकेतील दोन्ही उद्यानांत २०१८ मध्ये ते बदलले. लाल केसांची स्त्री स्वतःच चाची झाली आणि लिलाव लुटीच्या मालाचा होऊ लागला. त्या वेळीही 'अभिजात कृतीशी खेळ नको' असा आक्षेप घेतला गेला. 'स्प्लॅश माउंटन' ही राइड १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या चित्रपटावर बेतलेली होती. कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे गोंडस चित्र रंगवल्याबद्दल त्या चित्रपटावर प्रदर्शनापासूनच टीका झाली होती. ही राइड २०२३ मध्ये अमेरिकेतील दोन्ही उद्यानांत बंद होऊन २०२४ मध्ये 'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर' या रूपात खुली झाली. या दोन्ही प्रसंगी एका गटाच्या प्रिय आठवणीत दुसऱ्या गटाचा अवमान दडलेला होता. आठवण प्रिय आहे एवढ्या कारणाने ती अबाधित ठेवण्याचा हक्क सिद्ध होत नाही.

याउलट, शंका खरी ठरल्याचे उदाहरण एपकॉटमध्येच आहे. १९८३ च्या 'जर्नी इंटू इमॅजिनेशन' या राइडमधील ड्रीमफाइंडर हे पात्र १९९९ च्या आवृत्तीतून वगळले गेले आणि फिगमेंट हा लाडका ड्रॅगन नाममात्र उरला. प्रेक्षकांची नाराजी इतकी होती की २००२ मध्ये फिगमेंटला पुन्हा प्रमुख भूमिका देणारी आवृत्ती आणावी लागली. ड्रीमफाइंडर मात्र तेव्हाही परतला नाही. चूक सुधारता येते, पण मोडलेले सगळे परत मिळत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. 'टेस्ट ट्रॅक'चे उदाहरण निराळे आहे. २०२५ मध्ये खुल्या झालेल्या तिच्या नव्या रूपाने, त्याच वास्तूत १९९६ पर्यंत चाललेल्या 'वर्ल्ड ऑफ मोशन' या राइडपासून प्रेरणा घेतली. नूतनीकरण म्हणजे विस्मरणच असे नाही; ते स्मरणाचे साधनही होऊ शकते.

७. निष्कर्ष

१) 'स्पेसशिप अर्थ'विषयीच्या आशा प्रामुख्याने दुरुस्तीच्या व पूर्ततेच्या आहेत, तर शंका पुनर्लेखनाच्या आहेत. या दोहोंत विसंगती नाही. एकाच कृतीचे बारकाईने केलेले वाचन दोहोंच्या मुळाशी आहे.

२) 'मूळ रूप' हा निकष टिकत नाही. जीर्ण झालेले, असत्य ठरलेले किंवा कोणाचा अवमान करणारे ते बदलावे; जे अजून अर्थ देत आहे ते बदलण्यापूर्वी कारण द्यावे, हा निकष अधिक उपयुक्त आहे.

३) नूतनीकरणाचा कायदेशीर अधिकार मालकाचा आहे. परंतु चार दशके लाखो लोकांनी अनुभवलेली कृती मोडताना तिची संपूर्ण नोंद ठेवून ती अभ्यासकांना व रसिकांना उपलब्ध करून देणे हे त्या अधिकाराला जोडलेले कर्तव्य मानले पाहिजे.

४) राइडचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला चाहत्यांनी जपलेली सामग्री दुय्यम मानता येणार नाही. अनेक बाबतीत तीच उपलब्ध असलेली एकमेव प्रत आहे.

राइडच्या आत अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय रोज जळते आणि पुढच्याच वळणावर प्रेक्षकाला दिलासा मिळतो की प्रती सुरक्षित आहेत. पाचवी आवृत्ती जेव्हा येईल तेव्हा तिने चौथीच्या बाबतीतही तो दिलासा खरा करून दाखवावा, एवढीच चाहत्यांची अपेक्षा आहे. ती अवाजवी म्हणता येणार नाही.