बॉनेटवरचं आभाळ

दुपारी चारच्या सुमारास ऊन तिरकं होतं, तेव्हा नुकत्याच स्वच्छ केलेल्या गाडीसमोर उभं राहावं आणि बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब शोधावं. ते एकटं, नेमकं आणि काठ न फुटलेलं दिसलं तर गाडी जाणत्या हाताखालून गेली आहे. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा फिरताना दिसल्या, तर गाडी चमकत असली तरी कुणीतरी ती मळक्या फडक्याने घाईघाईत पुसलेली आहे. लांबून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. डिटेलिंग, म्हणजे गाडीची बारकाईने केलेली सफाई, या कामाचा रस या फरकात आहे, आणि रत्नागिरीत तर तो फार लवकर उघडा पडतो.

इथली धूळ साधी नाही. घराच्या भिंती, गडगे, विहिरींचे काठ, पाखाड्यांच्या पायऱ्या सगळं जांभ्याचं. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला हा दगड झिजतो, रस्त्यावर येतो आणि तांबड्या भुकटीच्या रूपात गाड्यांवर बसतो. त्या भुकटीत क्वार्ट्‌झचे कणही असतात आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर त्यांच्यापुढे फारच मऊ. कोरड्या फडक्याचा एक हात मारला की रेघ उमटलीच. दुसरीकडे समुद्र. मांडवी, भाट्ये, मिरकरवाडा इथल्या हवेतलं मीठ गाडीवर दिसत नाही, पण ते हवेतली ओल धरून ठेवतं. त्यामुळे दाराची खालची कड, चाकांच्या कमानीचा आतला ओठ आणि चासीचे सांधे कधी पुरते कोरडे होत नाहीत. बंदरावरून मासळी घेऊन निघालेल्या टेंपोचं खारट बर्फाचं पाणी रस्त्यावर सांडतं. मागून येणारी गाडी ते पोटाखाली घेऊन घरी जाते.

त्यात खळ्यात कलमाखाली गाडी लावायची आपली सवय. मार्च ते मे या महिन्यांत सावलीसाठी लावलेल्या गाडीवर आंब्याचा चीक पडतो. हा चीक माणसाची कातडीसुद्धा भाजतो, तर उन्हात तापलेल्या रंगावर तो काय करत असेल! पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्लही तसंच. गरम रंग तिच्याभोवती सैल होतो, संध्याकाळी गार होताना आवळतो, आणि डाग वरून निघाला तरी खड्डा राहतो. चांगला कारागीर चिकाचा थेंब कधी खरवडत नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं त्यावर ठेवतो आणि दुसऱ्या दाराकडे वळतो. थेंब आपणहून सैल झाला की मगच उचलतो. ही थांबण्याची कला मला या सगळ्या कामात सर्वांत देखणी वाटते.

धुण्याचा क्रम पाहा. आधी गाडीला हातच लावायचा नाही. लांबून पाणी, मग पंपाने मारलेला फेस, आणि तो फेस तांबडा होऊन खाली ओघळेपर्यंत वाट पाहायची. जेवढी माती स्पर्शाविना निघून गेली तेवढ्या रेघा वाचल्या. मग दोन बादल्या, एकीत शांपू आणि दुसरीत साधं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा हातमोज्याला लागत नाही. मोजा शांपूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात पिळायचा आणि मगच पुन्हा शांपूत. टपापासून खाली यायचं. दाराच्या खालचा वीतभर भाग सगळ्यांत मळका, म्हणून तो शेवटी आणि वेगळ्या मोज्याने. चाकांची बादली तर वेगळीच. पुसताना टॉवेल घासायचा नाही. पत्र्यावर अंथरायचा आणि अलगद ओढून घ्यायचा. रॅम्पवर जोरदार पाण्याने पंधरा मिनिटांत गाडी मोकळी करणाऱ्या वॉशिंग सेंटरची जागा वेगळी आहे, ते कामही लागतंच. पण तिथे एकच फडकं दिवसभर किती गाड्यांवरून फिरलं, हे कुणी विचारत नाही.

पुढच्या टप्प्यावर गाडी आपली हकीकत सांगू लागते. चाकांवर लोहकण काढणारं द्रावण मारलं की ब्रेकच्या भुकटीतल्या लोखंडाशी त्याची क्रिया होऊन जांभळे ओघळ उतरतात. घाटातून येणाऱ्या गाडीला ते जास्त. मुंबई–गोवा महामार्ग उतरून हातखंब्याला वळलेली गाडी किती ब्रेक दाबत आली आहे ते या ओघळांवरून कळतं. मग क्ले, म्हणजे चिकणमातीसारखा मऊ गोळा. ओल्या पत्र्यावरून तो फिरवताना आधी खरखर ऐकू येते, हळूहळू ती थांबते. कान देऊन करायचं हे काम आहे.

आता पॉलिश. इथे बहुतेक जणांचा तोल जातो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडी असते. माणसाचा केस अंदाजे ७० मायक्रॉन धरला तर दीड केसाच्या जाडीत प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर सगळं बसवलेलं असतं. त्या वरच्या थराच्या वाट्याला ३५ ते ५० मायक्रॉन येतात. पॉलिश म्हणजे रेघ भरणं नव्हे. रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खरवडून सपाट करणं म्हणजे पॉलिश. प्रत्येक वेळी गाडी थोडी झिजते आणि झिजलेलं परत येत नाही. म्हणून जाणकार आधी हातभर जागेवर सगळ्यांत सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिश लावून पाहतो. तेवढ्याने भागलं तर पुढे जातच नाही. एखादी खोल रेघ तो मुद्दाम ठेवतो. कमीत कमी काढून जास्तीत जास्त आभाळ दाखवायचं, हे या कलेचं मर्म.

खिशात पैसे नसताना आणि बँकेत नाव खराब असताना हा धंदा सुरू करणाऱ्या माणसाला हीच वृत्ती तारते, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या सुरुवातीच्या खरेदीची यादी एखाद्या नेटक्या कवितेसारखी आहे, तिच्यात जास्तीचा शब्द नाही. दोन-तीन बादल्या, जाळ्या, मोजे, डझनभर मायक्रोफायबर फडकी, हातपंपाचा फेसफवारा, शांपू, आतल्या सफाईचं द्रावण, बारीक ब्रश, क्लेचा गोळा आणि डबाभर मेण. साधारण पाच हजारांत हे जमतं. पाणी आणि वीज गिऱ्हाइकाच्या अंगणातली, जागा त्याचीच, भाडं शून्य. ओला-कोरडा कचरा ओढणारा व्हॅक्यूम आणखी पाचएक हजारांचा, तो पहिल्या कामांच्या पैशांतून. पॉलिशचं यंत्र त्यानंतर, हात बसल्यावर. सिरॅमिक कोटिंग, गाळा, पाटी हे सगळं नंतर. मोठ्या नावांची सुरुवातही साध्याच कामातून झालेली असते: १९०१ साली अमेरिकेत फ्रँक मेग्वायर यांनी फर्निचरचं पॉलिश बनवायला सुरुवात केली. आज जगभर डिटेलिंगवाल्यांच्या पेटीत दिसणाऱ्या बाटल्यांचं घराणं तिथून निघालं.

मेणाच्या त्या डब्याकडेही जरा पाहावं. कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका माडवर्गीय झाडाच्या पानांवर साचतं. कोरड्या उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज आहे. तीच आपल्या पावसात गाडीवरून पाण्याचे मणी घरंगळवते. कोकणातला पाऊस ती फार दिवस सोसत नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हात द्यावा लागतो. नव्या कारागिरासाठी हेही बरंच आहे, कारण गिऱ्हाईक परत भेटतं.

आता बँकेतल्या त्या खराब नावाची, म्हणजे सिबिलच्या पतगुणांकाची गोष्ट. हा आकडा ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि ७५० च्या वर असला की बँकांचा चेहरा खुलतो. खाली गेलेल्या आकड्यामागे बहुतेकदा उधळपट्टी नसते. दुचाकीचे चार हप्ते चुकलेले असतात, किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलेलं असतं आणि मित्र नोकरीसाठी मुंबईला गेलेला असतो. जामीनदाराच्या खात्यालाही तो डाग लागतो. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं हे खरं, पण तारण नको म्हणजे चौकशी नको असं नव्हे. बँक मागचा इतिहास पाहतेच. तेव्हा आधी आपला अहवाल काढावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो पूर्ण आणि फुकट मिळतो. फेडलेलं कर्ज थकलेलं दिसत असेल तर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि जुनं खातं मिटवताना तडजोडीच्या रकमेवर ‘सेटल्ड’ शेरा घेण्याऐवजी, जमत असेल तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करून घ्यावं. ‘सेटल्ड’ हा शेरा पुढे वर्षानुवर्षं आडवा येतो.

घाई झालीच तर घरातलं सोनं तारण ठेवून छोटी रक्कम काढता येते. पण व्हॅक्यूमसाठी आईची पाटली ठेवण्यापेक्षा दोन महिने ब्रशने काम करावं, असं मी आग्रहाने सांगेन. फोनवर पाच मिनिटांत पैसे देणारी ॲप आणि परवाना नसलेला सावकार यांच्या वाटेला जाऊच नये. सावकारीला परवाना लागतो. त्यासाठी राज्यात २०१४ चा कायदा आहे. त्याऐवजी पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुपया क्यूआर कोडवरून बँक खात्यात घ्यावा आणि उद्यम नोंदणी करून ठेवावी, ती फुकट आहे. वर्षभराचा खातेउतारा आणि न चुकलेले हप्ते हळूहळू जुन्या आकड्याला मागे टाकतात. इथेही सौम्य पॅडच लावायचं.

रत्नागिरीचं वर्ष या धंद्याला सरळ चालू देत नाही. नवख्याला वाटतं, तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे चार महिने गाडी धुणार कोण? बाहेरची धुलाई खरोखरच बसते. पण दारं उघडून पाहावं. सीटबेल्टवर पांढरी बुरशी, पायाखालचा गालिचा ओला, एसी लावला की कुबट वास. पावसाळा म्हणजे आतल्या कामाचा हंगाम. जाणता माणूस समोरच्या काचेखालच्या जाळीतून आंब्या-फणसाचा पालापाचोळा काढतो, कारण तो कुजून पाण्याची वाट अडवतो आणि पाणी आत उतरतं. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोकं तांबड्या चिखलाने बुजतात, ती बारीक ब्रशने मोकळी करतो. गिऱ्हाइकाला ही भोकं ठाऊकही नसतात. सीटबेल्टला तो ब्लीच लावत नाही, कारण धागा कमजोर झाला तर अपघातात तो पट्टा धरणार नाही. असं न दिसणारं काम ज्याच्या हातून होतं, त्याला मी कलावंत मानतो.

गणपतीला चाकरमान्यांच्या गाड्या येतात, घाटाचा चिखल अंगावर घेऊन. दसऱ्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू लावायला प्रत्येकाला गाडी लखलखीत हवी. दिवाळीनंतर गणपतीपुळ्याच्या वाटेवर पर्यटकांच्या टॅक्स्या. शाळेला सुट्ट्या लागल्या की धूळ, चीक आणि पाणीकपात. शीळ धरणातलं पाणी खाली जातं तेव्हा बादलीभर पाण्यात गाडी धुता येणारं द्रावण वापरणारा कारागीर टिकतो. चार-पाच सोसायट्या आणि दोन टॅक्सीमालक महिन्याच्या बोलीवर बांधून घेतले की बिनहंगामाचे महिने निभतात.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात हमखास एखादे काका दहा वर्षांची गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, “बाळा, नव्यासारखी करून दे, पैशाचं बघू नकोस.” खिसा रिकामा असलेल्या मुलाची खरी परीक्षा इथे होते. जाडी मोजायचं यंत्र त्याच्याकडे अजून नसतं, पण टपाच्या कडेला आणि बॉनेटच्या धारेवर रंग विरळ झालेला त्याला बोटाखाली आणि उजेडात कळतो. “काका, हिला आता पॉलिश नको. वरचा थरच उरला नाही तर चमकणार काय? धुऊन, क्ले मारून मेण लावतो, आतून नीट करून देतो.” पॉलिशच्या निम्म्याहून कमी पैशांचं काम तो घेतो. वहीत गाडीचा एमएच-०८ नंबर लिहितो, आणि खाली एक ओळ: टप आणि बॉनेट विरळ, यंत्र लावू नये, मेण डिसेंबरात पुन्हा.