‘सफरचंदी हिरवा’ : एका निदानसंज्ञेची चिकित्सा

विकृतिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत काही शब्दसमूह इतके रूढ झाले आहेत, की ते वाचताना डोळा अडत नाही व लिहिताना हात अडत नाही. अमिलॉइडच्या निदानाविषयीचे ‘काँगो रेडने रंगविल्यावर ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवे दुहेरी वक्रीभवन’ हे वाक्य त्यांपैकीच एक होय. आपले विद्यार्थी ते परीक्षेत बिनचूक लिहितात. ते स्वतः कितपत बिनचूक आहे, हे पाहणे या टिपणाचे प्रयोजन आहे.

‘अमिलॉइड’ हे नावच मुळी गैरसमजातून आलेले. १८५४ मध्ये फिर्खो यांनी आयोडिनची प्रतिक्रिया पाहून हा पदार्थ पिष्टसदृश मानला. तो प्रथिनमय असल्याचे फ्रीडराइख व केकुले यांनी १८५९ मध्ये दाखविले, तरी नाव टिकले. पुढे बेनहोल्ड यांनी १९२२ मध्ये काँगो रेडचा उपयोग सुचविला आणि १९२७ मध्ये दिव्री व फ्लोर्किन यांनी मेंदूतील रंगविलेले साठे ध्रुवित प्रकाशात अभ्यासिले.

आता मूळ आक्षेप. दुहेरी वक्रीभवन हा पदार्थाचा प्रकाशीय गुण आहे. तो हिरवा किंवा तांबडा असू शकत नाही. काँगो रेडचे रेणू अमिलॉइडच्या तंतूंवर एका दिशेने रांगेत बसतात, व त्या रंगाच्या शोषणपट्ट्याच्या आसपास वक्रीभवनाचे मान तरंगलांबीनुसार झपाट्याने पालटते. ध्रुवक आणि विश्लेषक अचूक काटकोनात असतील, तर निळा व पिवळा प्रकाश मिळून हिरवा दिसतो. विश्लेषक किंचित ढळला किंवा भिंगाच्या काचेत ताण असला, की हे मिश्रण फुटते. मग तंतूंच्या दिशेप्रमाणे कोठे पिवळा, कोठे निळा रंग उमटतो. हावी, ब्र्यूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही उपपत्ती सविस्तर मांडली. आपल्या वर्गात मात्र ती क्वचितच पोहोचते. (शिवाय अक्कलकोटच्या बाजारात सफरचंद म्हणजे तांबडे फळ; हिरवाच म्हणावयाचा, तर ‘पोपटी’ हा आपला शब्द काय वाईट होता?)

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. अक्कलकोट तालुक्यातील एखादा जुना क्षयरोगी पाय सुजून, लघवीतून प्रथिन जात असताना सोलापुरास येतो असे समजा. त्याच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यावर एका ओळीचा अभिप्राय मिळावयाचा आहे. पाहणाऱ्यास पिवळा-निळा रंग दिसला आणि ‘हिरवा नाही’ म्हणून त्याने नकार लिहिला, तर रोग हातचा सुटतो. उलट, रंजन अति झाले असता कोलॅजनही चमकते. त्याची पांढरी झळाळी हिरवट भासली, तर नसलेला रोग रुग्णाच्या माथी बसतो. छेदाच्या जाडीनेही रंग पालटतो : फार पातळ छेदात तो फिका पडतो, फार जाड छेदात पिवळ्या-तांबड्याकडे झुकतो.

आणि निदान बरोबर ठरले, तरी साठा कोणत्या प्रथिनाचा, हे ध्रुवित प्रकाश सांगत नाही. क्षयासारख्या दीर्घ दाहातून आलेला एए प्रकार असेल, तर मूळ रोगावर उपचार करावयाचे. प्रतिपिंडांच्या लघु साखळ्यांचा एएल असेल, तर रसायनोपचार. येथे चूक झाली तर रुग्णास भलतेच औषध मिळते. त्यासाठी प्रतिपिंड-रंजन वा वस्तुमान-वर्णपटमापन हवे, आणि अभिप्रायात तसे म्हटले पाहिजे.

तेव्हा अभिप्राय लिहिताना ‘सफरचंदी’ विशेषण गाळून प्रत्यक्ष दिसलेले रंग, विश्लेषक फिरविल्यावर त्यांत झालेला पालट, छेदाची जाडी आणि त्याच वेळी रंगविलेल्या ज्ञात अमिलॉइडच्या छेदाचा निकाल, एवढे तरी नोंदवावे.