तरणा पाऊस आणि त्यामागचा समुद्र

गारगोटीत पावसाला कान सरावलेला माणूस वळीव आणि मोसमी झड डोळे मिटूनही वेगळी ओळखतो. वळीव गडगडत येतो, तासाभरात ओसरतो. तो तापलेल्या जमिनीचा. पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस सहसा विजेवाचून, एका लयीत, रांगणा किल्ल्याच्या अंगाने येतो, तो समुद्राचा. त्याचा ठाय ऐकत राहावा असा.

त्याचा वारा पाहा. दक्षिण गोलार्धातून निघून, विषुववृत्त ओलांडून तो सोमालियाच्या किनाऱ्याशी वळतो आणि समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटर उंचीवर अरुंद, वेगवान झोत होऊन आपल्याकडे येतो. जाता जाता सोमालियापाशी खोलातले गार पाणी वर ओढतो. गार पाण्याची वाफ कमी होते. म्हणजे बाष्प आणणारा वाराच बाष्पाला आवरही घालतो. जोर आणि संयम एकाच अंगात असणे किती दुर्मिळ!

अशीच जोर आणि संयमाची दुसरी जागा समुद्रात आहे, ती हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळांनी दाखवली. १९८४ साली त्यांनी जोसेफ आणि जोशी यांच्यासह मांडले, की सागरपृष्ठ सुमारे २८ अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्यावर उंच ढगांची दाटी होत नाही. मात्र पुढे पाणी आणखी तापले म्हणून ढग वाढतीलच असेही नाही. समुद्र परवानगी देतो, सक्ती करत नाही. प्रशांत महासागराच्या तापण्याचे, म्हणजे एल निनोचेही तसेच: १९९७ साली तो प्रचंड असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला, आणि २००२ साली त्याहून सौम्य एल निनोत दुष्काळ पडला. हिंदी महासागराचे स्वतःचे मत दोन्ही वर्षी वेगळे होते.

घाटाने ढग अडवणे सर्वांना ठाऊक आहे. घाटाजवळच्या पाटगावहून पूर्वेला निपाणीकडे उतरताना पाऊस निम्म्याहूनही कमी होतो, एवढेच सांगून पुढे जातो.

कारण खरी कमाल उलट्या दिशेला आहे. अरबी समुद्राचे, घाटात पावसाने पडलेले हे पाणी वेदगंगेतून दूधगंगेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या लोंढ्यापुढे कृष्णेचा वाटा लहान, पण काम तेच. गोडे पाणी हलके, ते खाऱ्यावर तरंगते, खालच्या गार पाण्यात सहजी मिसळत नाही. त्यामुळे वरचा पातळ थर २८ अंशांच्या वर टिकतो आणि तिथे कमी दाबाचे क्षेत्र आकार घेते. ते ओडिशावरून आत सरकले, की अरबी समुद्रावरचा वारा जोर धरतो आणि इकडे पाटगावच्या डोंगरात पुनर्वसूनंतरच्या पुष्य नक्षत्राचा म्हातारा पाऊससुद्धा तरण्यासारखा कोसळतो.