ती कशावर जगली?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीच्या आधी एका महाविद्यालयातून मला व्याख्यानाचे बोलावणे आले. पत्र वाचून प्रथम वाटले, पत्ता चुकला असावा. माझे शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत, जिला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. आणि नोकरी एका लहानशा खासगी शाळेच्या बालवर्गावर. विद्यार्थिनी म्हणून कॉलेजची पायरी मी कधी चढले नाही. परंतु तीन कादंबऱ्या नावावर आहेत, आणि त्यांपैकी दुसरी त्या महाविद्यालयाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातल्या मुलींनी वाचायला घेतली होती. लेखकाला एवढे आमिष पुरे होते. मी इस्त्रीचे पातळ नेसून गेले.

केंद्र म्हणजे जिमखान्याच्या पलीकडची, जिन्याखालची एक खोली. एक पोलादी कपाट, दोन बाके, भिंतीवर सावित्रीबाई फुल्यांचे चित्र. शनिवारी दुपारी, इतर वर्ग सुटल्यावर, तिथे प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम चालतो. शिकवणाऱ्या बाई एकट्याच; कुलूप उघडण्यापासून हजेरीपत्रक भरण्यापर्यंत सारे त्याच करतात. पंधरा-सोळा मुली होत्या आणि एक संकोचलेला मुलगा.

मी तयारी करून गेले होते ती नायिकेच्या मनाविषयी बोलण्याची. माझी नायिका नवऱ्याचे घर सोडते आणि अखेरच्या प्रकरणात पावसाळ्याच्या एका संध्याकाळी परत येते. समीक्षकांनी त्या शेवटाला 'संयत' म्हटले होते, आणि तो शब्द मी बरीच वर्षे उराशी धरून होते. माझे बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "मॅडम, ती सात महिने बाहेर राहिली. खोलीचे भाडे कोण देत होते?"

मी म्हटले, "ते कादंबरीत आलेले नाही."

"तेच विचारते आहे. ती कशावर जगली?"

मुली हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

हा प्रश्न त्या पोरीचा एकटीचा नव्हे, ती त्या केंद्राची शिस्त आहे, हे मला पुढे कळले. बाईंनी मला काही पुस्तके वाचायला दिली आणि मी ती बालवर्गाच्या परीक्षांच्या धबडग्यात वाचली. आपल्याकडे या विषयाची सुरुवातच मुळी हिशेबातून झालेली आहे. सरकारने १९७१ साली स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचा 'समतेकडे' या अर्थाच्या नावाचा अहवाल १९७४ साली आला. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांत सारे सुधारतच चालले आहे, असे समजणाऱ्यांना त्यातल्या आकड्यांनी धक्का दिला: लोकसंख्येतले स्त्रियांचे प्रमाण घटत आलेले होते, आणि कमावत्या कामांतलेही. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे केले. पुणे विद्यापीठातले केंद्र १९८७ सालचे. म्हणजे स्त्रीच्या मनाविषयी बोलण्याच्या आधी या मंडळींनी तिच्या ताटाविषयी विचारले. आम्ही कादंबरीकार नेमके उलट करतो.

त्या दिवसापासून मी हा प्रश्न खिशात घालून आपल्या मराठी पुस्तकांतून हिंडते आहे. जे दिसले ते सांगते. विद्वत्तेचा आव माझ्यापाशी नाही.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' घ्या. स्त्री 'मी' म्हणून बोलू लागली ती आपल्या कादंबरीत इथे, जरी लेखणी पुरुषाची असली तरी. यमूचा नवरा जातो, बळजबरीने तिचे केशवपन होते, आणि अखेर ती मरते. पिढ्यान्पिढ्या वाचकांनी या पुस्तकावर डोळे पुसले आहेत, मीही पुसले. पण प्रश्न विचारून पाहा: यमू जगली असती तर कशावर? कादंबरीत उत्तर नाही, मरण आहे. आणि गंमत अशी, की हरिभाऊ ही कादंबरी लिहीत होते त्याच काळात उत्तराची एक वाट उघडलेली होती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले. तिथे गोदूबाई नावाची कोकणातली एक बालविधवा शिकायला गेली, आणि १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले. कागदावरची यमू मरत होती तेव्हा गोदूबाई जगण्याच्या तयारीला लागली होती.

याचा अर्थ हरिभाऊ चुकले, असा त्या वर्गातल्या मुली लावतील, तर मी त्यांच्याशी भांडेन. एका गोदूबाईमागे शेकडो यमू होत्या, आणि कादंबरीकार हा काही वसतिगृहाचा अधीक्षक नव्हे. यमूच्या मरणाने जे केले ते कुठल्याही अहवालाने केले नसते. मात्र माझ्या नायिकेच्या परत येण्याविषयी मला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्याकडे येईनच.

त्याच गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि त्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली छापून आले. थोर पुरुषाच्या बायकोचे आत्मचरित्र म्हणून आपण ते आदराने कपाटात ठेवतो. परंतु त्यातला सारा जीव संसाराच्या ओढाताणीत आहे. नवऱ्याची मिळकत संस्थेकडे वाहते आहे, पोरे खायला मागताहेत, आणि ही बाई घर कशावर चालवायचे याचा विचार करते आहे. महर्षींच्या त्यागाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, ते इथे कळते. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा. तिने आश्रमासाठी वर्गणी गोळा केली, अमेरिकेला जाऊन लोकांच्या घरी मोलाची कामे केली, आणि १९२८ साली 'माझी कहाणी' लिहिली. अमेरिकेत भांडी घासणाऱ्या विधवेवर आपल्याकडे कुणी कादंबरी लिहिली नाही. आम्ही तिला माजघरातच बसवून ठेवली. तिथे ती करुण दिसते.

विभावरी शिरूरकरांनी मात्र हा प्रश्न १९३३ सालीच विचारला होता. 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या शिकलेल्या मुली कमावतात. पण त्यांच्या कमाईवर घर इतके विसंबते, की त्यांचे लग्न लांबणीवर टाकण्यातच घराचे हित असते. पुस्तक आले तेव्हा ही विभावरी कोण याचाच शोध लोकांनी अधिक केला. पगाराचा विषय तसाच राहिला.

आणि ज्या बायकांना कशावर जगायचे हे कधी विसरताच आले नाही, त्यांची पुस्तके? बेबी कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. माल बांधायला आलेली रद्दी त्या वाचत. दुकानात बसून लिहीत. आणि लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवीत. अनेक वर्षे ती पाने अंधारात पडून होती. मी शाळेतून येऊन, पोळ्या लाटून, रात्री दहानंतर लिहायला बसते आणि याची मला मोठी फुशारकी वाटत असे. ती हे वाचल्यावर गेली. उर्मिला पवारांच्या 'आयदान'चे, १९८६ नंतर सतरा वर्षांनी आलेल्या या पुस्तकाचे, नावच आईच्या कामावरून आहे: बांबूच्या विणलेल्या टोपल्या-सुपांना कोकणात तो शब्द आहे. आई विणते आहे आणि त्या विणण्यावर घर उभे आहे. तिथे कशावर जगली हे कोणाला विचारावे लागत नाही. पहिल्या पानापासून ते हातांत दिसते.

अशी पुस्तके अभ्यासक्रमात आणून बसवण्याचे श्रेय या केंद्रांना दिलेच पाहिजे. पुण्याच्या केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर २००६ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ केला. ही एकेका बाईच्या दुःखाची गाणी नव्हेत, त्या समूहाच्या साक्षी आहेत, असे त्यांनी मांडले. त्या २०१३ साली अकाली गेल्या. माझ्यासारखीला त्यांची इंग्रजी वाक्ये अडखळत वाचावी लागली. पण मराठी साहित्याच्या इतिहासात या बायकांना जेवढी जागा मिळाली होती त्यापेक्षा कितीतरी अधिक त्या एका पुस्तकात मिळाली, एवढे मला समजले.

इथवर स्तुती झाली. आता तक्रार.

साक्ष म्हणून वाचण्याची सवय लागली, की साक्षीदाराचा आवाज ऐकू येईनासा होतो. त्या शनिवारी एका मुलीने 'स्मृतिचित्रां'वर टिपण वाचले. लक्ष्मीबाई टिळकांचे बालपण, वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, नवऱ्याचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट, अखेर स्वतःचा धर्मबदल: सारे मुद्दे बिनचूक होते. पण साऱ्या टिपणात लक्ष्मीबाई एकदाही हसल्या नाहीत! ज्या बाईने उपासमारीच्या दिवसांचे वर्णनही वाचकाला खुदकन हसवून केले, तिला या पोरीने न्यायालयात नेऊन उभे केले. हसणे ही लक्ष्मीबाईंची सजावट नाही. ती त्यांची लढण्याची रीत आहे. उधळ्या मनाच्या, देव माणसाच्या संसारात आपण वेड्या झालो नाही याचे कारण त्या विनोदात आहे. कशावर जगली, या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथे आहे, आणि तेच टिपणातून गळले.

ताराबाई शिंद्यांचेही तेच होते. 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालची. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर तोंडसुख घेतले, आणि बुलढाण्याच्या या बाईने उत्तर दिले. जोतीरावांनी 'सत्सारा'त १८८५ साली तिची बाजू घेतली. पुढे पुस्तक विसरले गेले ते स. गं. मालशांनी १९७५ साली पुन्हा छापीपर्यंत. आज प्रत्येक केंद्राच्या यादीत ते पहिले असते. परंतु मुलींना त्यातले 'विचार' तोंडपाठ, भाषा नाही. मी त्यांना एक पान मोठ्याने वाचायला लावले. दोन ओळींत वर्गातले वारे फिरले. विहिरीवरच्या भांडणाची ती फेक, ते टोमणे, मध्येच हातवारे केल्यासारखी वाक्ये! संकोचलेला मुलगाही मान वर करून ऐकू लागला. बाई म्हणाल्या, "हे आम्ही अभ्यासक्रमात कुठल्या रकान्यात घालायचे?" प्रश्न खरा होता. गुण मुद्द्यांना असतात.

बाईंविषयी थोडे लिहिले पाहिजे. परतताना त्या मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. दोघींच्या हातात मानाचा म्हणून मिळालेला एकेक गुलाब. चालता चालता कळले, की त्या तासिका तत्त्वावर आहेत. जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे, तेही वेळेवर नाहीत. सुटीचे नाहीत, दिवाळीचे नाहीत. अशा केंद्रांना अनुदान मिळे ते पंचवार्षिक योजनांच्या हिशेबाने. बारावी योजना २०१७ साली संपली, योजना आखण्याची पद्धतच बंद झाली, आणि देशभरच्या केंद्रांतून पुढे काय, अशी धास्ती पसरली. या बाईंचे केंद्र तर त्या यादीतही नव्हते. महाविद्यालयाने आपल्या हौसेने सुरू केलेले, आणि हौस फिटली की बंद करता येण्यासारखे. बाई पंधरा वर्षे मुलींना शिकवत आल्या आहेत की कुठलेही पुस्तक वाचताना विचारावे, ही बाई कशावर जगली. मी त्यांना तो प्रश्न विचारला नाही. त्यांनीच आपण होऊन सांगितले, "सकाळी दोन शिकवण्या करते."

बसमध्ये बसल्यावर मला माझी मावशी आठवली. सख्खी नव्हे, आमच्या वाड्यातली, सर्वांची मावशी. माझी नायिका तिच्यावरून घेतलेली आहे, हे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. तीही घर सोडून आली होती. ती परत गेली नाही. सात महिने नव्हे, सव्वीस वर्षे ती जिन्याखालच्या खोलीत राहिली. कशावर, ते मला पुरते ठाऊक होते: उन्हाळ्यात पापड-कुरडया, पावसाळ्यात वाती आणि शिवण, आणि दिवाळीच्या आधी तीन आठवडे वाड्यातल्या आणि बाहेरच्या घरांतला फराळ. चकलीला किलोमागे एक दर, अनारशाला दुसरा, कारण अनारशाचे पीठ बिघडले तर नुकसान तिचे. हे दर ती खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिही. ते पुसून पुन्हा लिहिताना मी तिला पाहिले आहे. माझी आई त्यातही घासाघीस करी.

कादंबरी लिहिताना हे दार माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि मी ते घातले नाही. मला ते बारीकसारीक वाटले. नायिकेला भाड्याचा हिशेब करायला लावले तर तिची व्यथा उणी होईल, असे वाटले. आणि मग सात महिन्यांनंतर तिला कुठे ठेवावे हे न सुचून मी तिला पावसात भिजवत नवऱ्याच्या दारी आणून उभी केली. त्याला समीक्षक संयत म्हणाले.

दुसरी आवृत्ती काढायची असे प्रकाशक गेले दोन महिने म्हणत आहेत. मुद्रिते आली आहेत. अखेरचे प्रकरण मी बाजूला काढून ठेवले आहे, आणि मावशीचे अनारशाचे दर आठवायचा प्रयत्न करते आहे. चकलीचा आठवतो. आईला विचारले, तर ती म्हणाली, "काहीतरी देत होतो गं आपण."