कोणाच्या घरातले राष्ट्र? मनोविश्लेषण आणि मराठी समाज

एका व्यक्तीच्या मनाविषयी सिद्ध झालेले शास्त्र समाजाला, आणि त्याहून पुढे जाऊन राष्ट्राला, कितपत लागू करता येते हा प्रश्न मनोविश्लेषणाच्या आरंभापासून त्याच्या पाठीशी लागलेला आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९१३ मध्ये 'टोटेम अँड टॅबू' लिहून धर्म आणि नीतिनियमांचा उगम आदिम टोळीतील पितृहत्येत शोधला, तर १९२१ मधील समूहमानसावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, समूहातील माणसे एकाच नेत्याला आपल्या आदर्शाच्या जागी बसवतात आणि या समान निष्ठेमुळे एकमेकांशी तादात्म्य पावतात, म्हणजे दुसऱ्याला आपल्यासारखाच मानून त्याच्यात स्वतःला पाहू लागतात. हे प्रतिपादन आजही उपयोगी आहे. अडचण मात्र पद्धतीची आहे. उपचारकक्षातला माणूस बोलतो, अडखळतो, विश्लेषकाचा अर्थ झिडकारतो, आणि या झिडकारण्यातूनच अर्थाची शहानिशा होत जाते. राष्ट्राला असे बोलते करता येत नाही, म्हणून त्याच्या जागी पुराणकथा, विधी, आत्मचरित्रे आणि कादंबऱ्या घ्याव्या लागतात. त्या कोणत्या घरातल्या घ्यायच्या हे अभ्यासक ठरवतो आणि जे घर तो निवडतो त्याचेच मन पुढे राष्ट्राचे मन म्हणून ओळखले जाते. भारतीय समाजाच्या मनोविश्लेषणाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बव्हंशी या निवडीचा इतिहास आहे, आणि ती निवड किती अपुरी होती हे दाखवणारी सामग्री मराठी मुलखात, विशेषतः कोल्हापूर परिसरात, विपुल आहे.

भारतात या विद्येचा पहिला वापर ऐकून घेण्यासाठी झाला नाही, निदानासाठी झाला. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२१ मध्ये हिंदूंच्या धर्माचा, तत्त्वज्ञानाचा आणि स्वभावाचा उगम शौचविषयक बालपणीच्या संस्कारांत शोधला, तर लष्करी अधिकारी असलेल्या सी. डी. डॅली यांनी पुढे क्रांतिकारक प्रवृत्तीलाच मनोविकृतीच्या चौकटीत बसवले. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना रोगी ठरवले की राज्य करणे हाच उपचार होतो. कोल्हापूरला ही युक्ती फ्रॉइडच्या आधीच अनुभवावी लागली होती. छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे असल्याचे इंग्रज सरकारने ठरवले, त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले आणि तेथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, ऐन विशीत त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाचा आरोप करणारी पत्रे प्रसिद्ध केल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ती पत्रे न्यायालयात बनावट ठरली हे खरे, परंतु राजाच्या मनाचा निवाडा कोणी करायचा हा त्या प्रकरणातला मूळ प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. वेडेपणाचे प्रमाणपत्र हा सत्तेचा दस्तऐवज असू शकतो, याचे इतके उघड उदाहरण मराठी इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

१९२२ मध्ये कलकत्त्याला भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणाऱ्या गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी पत्रव्यवहार करताना, इडिपस गंड, म्हणजे पित्याला दूर सारून मातेला मिळवण्याची मुलाची दडपलेली इच्छा, भारतीय रुग्णांत त्याच रूपात दिसत नाही असे निर्भीडपणे कळवले. मतभेदाचा हा सूर पुढे पडद्याआड गेला. मॉरिस कार्स्टेअर्स यांचे 'द ट्वाइस-बॉर्न' (१९५७) राजस्थानातील एका गावच्या उच्चवर्णीयांवर आधारलेले होते, आणि सुधीर काकर यांच्या 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथाने, अभ्यासाची खोली आणि सहृदयता कितीतरी अधिक असूनही, पुन्हा त्याच वर्तुळातला मुलगा समोर ठेवला. काकरांच्या मांडणीनुसार भारतीय मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आईच्या जवळजवळ अखंड सहवासात वाढते आणि नंतर एकाएकी पुरुषांच्या कठोर जगात ढकलले जाते. या दुसऱ्या जन्माची जखम, आणि आईविषयीची ओढ व भीती यांचे मिश्रण, देवीच्या प्रतिमांपासून गुरुभक्तीपर्यंत सर्वत्र उमटते. आपली सामग्री प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू पुरुषांची आहे हे काकरांनी लपवले नाही, पण ग्रंथाचे वाचन मात्र 'भारतीय मन' म्हणून होत राहिले. त्याच १९७८ साली मराठीत दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले. महारवाड्यातल्या आणि मुंबईच्या कावाखान्यातल्या त्या बालपणात आईचा अखंड सहवास ही चैन आहे, कारण आई पोटासाठी राबायला जाते. आणि पुरुषांच्या जगात शिरण्याआधीच मूल जातीच्या जगात ढकलले गेलेले असते. त्याहून महत्त्वाची आहे ती 'बलुतं'ची रचना: शिकलेला, नोकरीत स्थिरावलेला दया पवार मागे सोडलेल्या दगडू मारुती पवारचे म्हणणे ऐकतो. एकाच माणसाचे असे दोन भाग होणे, एकाने बोलणे आणि दुसऱ्याने ऐकणे, हे मनोविश्लेषणाच्या कक्षातच घडावे इतके नेमके आहे. राष्ट्राच्या मनाविषयीच्या इंग्रजी चर्चेत या दोन पुस्तकांची गाठ क्वचितच घालून दिली गेली.

इडिपसला भारतीय पर्याय शोधण्याचा सर्वांत कसदार प्रयत्न साहित्याच्या बाजूने झाला. काही काळ बेळगावात अध्यापन केलेले ए. के. रामानुजन यांनी 'द इंडियन इडिपस' या निबंधात दाखवून दिले की, ग्रीक कथेत मुलाकडून पित्याकडे जाणारा आक्रमकपणा भारतीय कथांत बहुधा उलट दिशेने, म्हणजे पित्याकडून मुलाकडे, वाहतो. शंतनूच्या विवाहासाठी भीष्म संसाराचा त्याग करतो आणि ययाती तर मुलाचे तारुण्यच मागून घेतो. रामानुजनांना उत्तर कर्नाटकात एका वृद्धेकडून मिळालेली कथा याहून बोलकी आहे, कारण तिच्यात स्वतःच्याच मुलाशी विवाह होण्याचे प्राक्तन घेऊन आलेल्या स्त्रीची हकिगत आहे आणि ती आईच्या नजरेतून सांगितलेली आहे. इडिपसची कथा आईने सांगितली तर ती कशी ऐकू येईल, हा प्रश्न व्हिएन्नात कोणाला पडला नव्हता.

ययातीची गोष्ट कोल्हापुरात लिहिली गेली हे लक्षात घेतले की चर्चेला निराळे वळण मिळते. १९३८ पासून कोल्हापुरात स्थायिक झालेल्या वि. स. खांडेकर यांची 'ययाति' १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकातील भोगासक्त माणसाची ती कथा आहे असे तिचे वाचन रूढ झाले. हे वाचन चुकीचे नाही, परंतु नीतिबोधाच्या ओझ्याखाली त्या कथेतील पिता आणि पुत्र यांचा व्यवहार झाकला जातो. सत्ता आणि तारुण्य सोडायला तयार नसलेली पिढी, आणि तिचे वार्धक्य अंगावर घेण्यात धन्यता मानणारी दुसरी पिढी, ही जोडी राजवाड्यापुरती नसते. ती सहकारी संस्थांत, पक्षांत आणि शिक्षणसंस्थांतही दिसते. समीक्षेने खांडेकरांना उपदेशक ठरवून त्यांची बोळवण केली आणि ही सामग्री तशीच पडून राहिली.

याच ठिकाणी कोल्हापूरची आणखी एक बाब पुढे येते. इडिपसची सर्व चर्चा पिता रक्ताचा आहे असे गृहीत धरते. पण कोल्हापूरच्या गादीवर दुसरे राजाराम, चौथे शिवाजी आणि राजर्षी शाहू असे सलग तीन छत्रपती दत्तक आले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक गेले आणि शाहू झाले. खुद्द खांडेकरही जन्माने गणेश आत्माराम असून दत्तकविधानाने विष्णू सखाराम झाले. दत्तकविधानात पिता विधीने बदलतो, नाव बदलते, कुळ बदलते, आणि मूल हे सर्व समाजासमक्ष स्वीकारते. अशा समाजात मुख्य प्रश्न पित्याला दूर सारण्याचा नसून पित्याचे नाव कोण देतो आणि ते कोण मान्य करतो, हा असतो. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, म्हणजे राजाला शूद्राचा विधी लागू केला गेला, तेव्हा उभा राहिलेला संघर्ष याच प्रश्नाचा होता. महाराजांच्या मनात काय चालले असेल याचा तर्क करण्याचे कारण नाही, आणि तसा तर्क हा या विद्येचा सर्वांत स्वस्त वापर ठरेल. पाहण्याजोगी आहे ती पुढची कृती: २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा आदेश आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरू पीठाची स्थापना. मान्यता देणाऱ्याच्या दारात तिष्ठत राहण्याऐवजी मान्यता देणारे पीठच नव्याने निर्माण करणे, ही चाल फ्रॉइडच्या कथेत बसत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या टोकावरून येतो, कारण तेथे पिता कोण हे गावाला माहीत असते, पण तो मुलाला नाव द्यायला तयार नसतो. इडिपसला आपला बाप ठाऊक नव्हता. इथे तो ठाऊक असणे हीच शिक्षा आहे.

देवीविषयीच्या लेखनातही निवडीचा हा दोष दिसतो. चांगली माता आणि भयंकर माता अशी देवीची विभागणी मुलाच्या मनातील दुभंगातून आली, हे सूत्र आता जवळजवळ नियम झाले आहे. कोल्हापुरात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि तेथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो; कथा अशी की, कोल्हासुराच्या वधानंतरच्या सोहळ्यात त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला, बोलावणे राहून गेले, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली आणि अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली. या कथेत मुलगा नाही, पिता नाही. आहे तो दोन बायकांमधला मान, विसर आणि मनधरणी. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुढाकार घेऊन संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे जाते, आणि त्यांत माहेर, भाऊ, सासू, शेजारीण यांच्याविषयी स्त्रियांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले एवढे आहे की, भारतीय मातेची प्रतिमा मुलाच्या आठवणीतून उभी करण्याची गरज उरू नये. दुसरीकडे, पॉल कोर्टराइट यांच्या गणेशावरील ग्रंथासारखे वाचन, ज्यात सोंड आणि शिरच्छेद यांचे ठरीव लैंगिक अर्थ लावले गेले, ते भक्तांना अपमानकारक वाटले, आणि २००३ मध्ये प्रकाशकाने त्याची भारतीय आवृत्ती मागे घेतली. पुस्तक मागे घ्यायला लावणे निषेधार्हच आहे. पण प्रतीकांचा शब्दकोश उघडून अर्थ लावण्याची ती पद्धत समीक्षा म्हणूनही कच्ची होती, एवढे म्हणायला कोणाच्या भावना दुखावण्याची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्राशी थेट भिडलेले या परंपरेतले सर्वांत समर्थ लेखन आशिस नंदी यांचे आहे. गांधीहत्येवरील निबंधात त्यांनी आधीचे मुलगे दगावल्यामुळे नाक टोचून मुलीसारखा वाढवला गेलेला नथुराम गोडसे आणि १८१८ मध्ये सत्ता गमावलेला चित्पावन समाज यांच्यातील पौरुषाच्या चिंतेचा धागा जोडला, आणि गांधींच्या स्त्रीत्वाला सामावून घेणाऱ्या राजकारणाने त्या चिंतेला कसे डिवचले हे दाखवले. 'द इंटिमेट एनिमी' (१९८३) मध्ये हाच विचार वसाहतवादाच्या मानसशास्त्रापर्यंत विस्तारला. व्यक्ती, जात आणि राष्ट्र या तीन पातळ्या इतक्या सफाईने एकमेकींत मिसळतात की, वाचताना त्यांच्यातील सांधा दिसेनासा होतो, आणि नंदींच्या लेखनाची मोहिनी व मर्यादा दोन्ही त्या सफाईतच आहेत. शिवाय तो निबंध ३० जानेवारी १९४८ पाशी थांबतो. त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि वेदोक्तापासून साचत आलेला मान-अपमानाचा हिशेब एका हत्येच्या निमित्ताने चुकवला गेला. समूहमानसाच्या अभ्यासकाला याहून जळजळीत सामग्री कोणती हवी? काकरांनी 'द कलर्स ऑफ व्हायोलन्स' (१९९५) मध्ये हैदराबादच्या दंगलींचा शोध घेताना ज्यांनी मारले आणि ज्यांनी सोसले अशा दोघांशीही बोलून एक वाट घालून दिली होती. दक्षिण महाराष्ट्रातल्या १९४८ पर्यंत ती वाट पोहोचली नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ'मध्ये आणि विखुरलेल्या आठवणींत ज्यांची घरे जळाली त्यांचे बोलणे तरी नोंदले गेले आहे. हातात पलिते घेऊन निघालेल्या माणसांचे म्हणणे मात्र ती पिढी आपल्याबरोबर घेऊन गेली, आणि त्यांच्या नातवंडांना त्याविषयी विचारायला अजून फारसे कोणी गेलेले नाही.