चार कप्पे आणि शेणातली ज्वारी

रवंथ शिकवताना आपण फळ्यावर पोटाचे चार कप्पे काढतो, नावे पाठ करून घेतो आणि धडा संपवतो. पिंगळीसारख्या ज्वारीच्या गावातील मुलाने मात्र गाईच्या शेणात अख्खे दाणे पाहिलेले असतात. ते का, हे आपले चित्र सांगत नाही. ज्वारीच्या पिष्टकणांभोवती प्रथिनांचे घट्ट जाळे असते. साल फुटली नाही, तर पहिल्या कप्प्यातील, म्हणजे कोटीपोटातील, जीवाणू आत पोहोचत नाहीत. भरडल्याने पचन वाढते. पण बारीक पीठ भरपूर चारले, तर ते झपाट्याने आंबून आम्ल साचते व जनावर दगावूही शकते. वर्गात अख्ख्या व भरडलेल्या दाण्यांवर आयोडीनचे थेंब टाकावेत. निळाकाळा रंग लगेच कोठे येतो, हे मुलांनी पाहिल्यावर मग कप्प्यांची नावे सांगावीत.