बीभत्साची लय

‘हॅमर स्मॅश्ड फेस’ या गाण्यात मध्येच सगळे थांबतात. दोन्ही गिटार, ड्रम, घशातून उसळणारी ती गुरगुर, सगळे. उरतो एकटा बेस. अ‍ॅलेक्स वेब्स्टर बोटांनी तारा छेडत एक छोटी, झपाट्याची तान घेतो आणि ती पुरी होते न होते तोच अख्खा बँड नेमक्या मात्रेवर अंगावर कोसळतो. काही सेकंदांचाच खेळ. पण तिहाई समेवर पडताना ज्याच्या तोंडून नकळत ‘वा!’ निघते, त्याला इथेही तोच आनंद मिळावा, इतकी ही जागा बांधेसूद आहे. अंगठा बाजूला ठेवून तीन बोटांनी वाजवणारा वेब्स्टर डेथ मेटलमधल्या मोठ्या बेसवादकांपैकी एक मानला जातो. का, ते या एका जागेवरून कळते.

हे ‘कॅनिबल कॉर्प्स’च्या ‘टूम ऑफ द म्यूटिलेटेड’ या अल्बममधले पहिले गाणे. अल्बम १९९२चा, बँडचा तिसरा. मंडळी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोची, पण ध्वनिमुद्रण फ्लोरिडातल्या टॅम्पामध्ये, मॉरिसाउंड स्टुडिओत, निर्माता स्कॉट बर्न्सच्या हाताखाली झाले. ‘डेथ’, ‘ऑबिच्युअरी’, ‘डिसाइड’ हे बँडही याच स्टुडिओत घडले. नऊ गाणी, साधारण ३५ मिनिटे. त्यांतल्या बऱ्याच गाण्यांची शीर्षके कुठल्याही मराठी मासिकात छापता येणार नाहीत, आणि मलाही ती लिहायची नाहीत.

या अल्बमबद्दल ऐकणाऱ्यांची मते तीस वर्षांनंतरही जुळत नाहीत. कुणाला हा नुसता गोंगाट वाटतो. कुणासाठी ‘ब्रूटल’ म्हणवणाऱ्या पुढच्या सगळ्या डेथ मेटलचा हा पाया आहे. खुद्द चाहत्यांतही एकमत नाही: काहींना आधीचा ‘बुचर्ड अ‍ॅट बर्थ’ अधिक कच्चा आणि म्हणून अधिक खरा वाटतो, तर काहींच्या मते गाणे बांधण्याची अक्कल बँडला १९९४च्या ‘द ब्लीडिंग’मध्येच आली. या दुसऱ्या मतात तथ्य आहे. ‘द ब्लीडिंग’मधली गाणी लवकर लक्षात राहतात. ‘टूम’मधली राहत नाहीत, ती पुन्हा पुन्हा ऐकावी लागतात. मला हेच त्याचे बळ वाटते.

याचे कारण रिफच्या, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणाऱ्या छोट्या स्वरावलीच्या, रचनेत आहे. जॅक ओवेन आणि बॉब रुसे यांच्या गिटार सलग अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकतात. सा, मग कोमल रे, मग शुद्ध रे, अशा लगतच्या स्वरांवरून फिरत असताना एखादी स्वरचौकट मनात ठरू पाहते, आणि पुढचाच स्वर ती मोडतो. कानाला टेकायला जागाच मिळत नाही. लयीचेही तसेच. ड्रमचा भरधाव मारा चालू असतो, तो अचानक तुटतो आणि एक जड, संथ रिफ येते. मान आपसूक हलू लागते, तेवढ्यात तीही संपते. पॉल मझुर्कीविचच्या ड्रमवादनाला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. वेगात त्याचा हात सैल पडतो, असे ते म्हणतात. पडतोच. पण ठोका न ठोका संगणकावर जागच्या जागी बसवलेले आजचे अल्बम ऐकल्यावर या सैलपणाची किंमत कळते. इथे माणूस दमतो आहे, तरी रेटतो आहे, हे ऐकू येते, आणि शरीराची परवड हाच ज्या अल्बमचा विषय आहे त्याला ते शोभते.

आता गायक ख्रिस बार्न्सचा आवाज. सर्वांत कडाक्याची भांडणे याच्यावरच होतात. आपल्या स्वरतंतूंच्या वर घशात पडद्यांची आणखी एक जोडी असते, एरवी बोलताना ती कामाला येत नाही. ग्राउल, म्हणजे ती गुरगुर, करणारे गायक ही जोडी थरथरवतात. तिबेटी भिक्खूंच्या खर्जातल्या मंत्रपठणातही तिचाच नाद असतो. बार्न्स या अल्बममध्ये इतका खाली उतरला आहे की व्यंजने जवळजवळ झिजून गेली आहेत. राहतो तो एक ओला, घोगरा, रुंद नाद आणि त्याचा ठोका. ‘काय म्हणतो ते कळतच नाही’ ही तक्रार अगदी रास्त आहे. मात्र त्याचे प्रत्येक अक्षर रिफच्या खाचेत कसे बसले आहे तेही ऐकावे. शब्द वितळून त्याचे वाद्य झाले आहे, आणि त्या वाद्याचा रंग गिटारच्या रंगात असा मिसळतो की कधी कधी कोण कुठे संपतो ते सांगता येत नाही.

भरताने नाट्यशास्त्रात बीभत्साला आठ रसांत मानाने बसवले आहे. जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव. त्याने त्यात भेदही केले: रक्त वगैरे पाहून येतो तो क्षोभज, विष्ठा आणि कृमी पाहून येतो तो उद्वेगी. या भेदाने मला मेटलमधली एक जुनी गोष्ट नीट उमगली. लिव्हरपूलच्या ‘कारकस’ची सुरुवातीची गाणी शवविच्छेदनाच्या भाषेत सडणे-कुजणे वर्णन करतात, ती उद्वेगी. ‘टूम’ हा सगळा क्षोभज आहे. तिथे किळस येऊन माणूस मागे सरतो, इथे अंगात खळबळ होते. म्हणूनच ‘टूम’ इतका धडधडता, स्नायूंचा अल्बम आहे आणि ‘कारकस’ची ती पहिली गाणी दलदलीसारखी चिकट आहेत.

रसविचारच या अल्बमची उणीवही दाखवतो. विदर्भातल्या पद्मपूरचा म्हणून ओळखला जाणारा भवभूती ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात आपल्याला स्मशानात नेतो. तिथे एक पिशाच प्रेत सोलून मांस खाते आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्साचे उदाहरण म्हणून हाच श्लोक घेतला. त्यात काहीही झाकलेले नाही. पण भवभूती त्या पिशाचाची भूक आणि त्याचे दैन्यही पाहतो, म्हणून ते दृश्य किळसवाणे असूनही केविलवाणे होते. बार्न्सच्या शब्दांत ही नजर नाही. तिथे मारणारा नुसता मारतो, आणि मरणारी पुन्हा पुन्हा बाईच असते. हे भयपटासारखे काल्पनिक आहे, असे बँड सांगत आला आहे. ते मला मान्य आहे. ‘तसेही शब्द ऐकू कुठे येतात?’ हा चाहत्यांचा युक्तिवाद मात्र मान्य नाही. ते शब्द कुणीतरी बसून लिहिले आहेत आणि वाचणाऱ्याला ते वाचता येतात. एखादी बाई हा अल्बम त्या कारणाने बाजूला ठेवत असेल, तर तिच्या कानात काही कमी आहे असे कुणी समजू नये. भीषणतेपेक्षाही मला इथे कल्पनेचे दारिद्र्य अधिक खटकते: संगीत दर काही मात्रांनी नवी वाट शोधते आणि शब्द त्याच त्या गल्लीत फिरत राहतात.

व्हिन्सेंट लॉकच्या मुखपृष्ठाबद्दल थोडेच सांगतो. चित्र भयंकर आहे, पण रेषा सराईत हाताची आहे. याच लॉकने पुढे ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’ ही चित्रकादंबरी रेखाटली, जिच्यावर क्रोननबर्गने २००५मध्ये सिनेमा केला. जर्मनीत या अल्बमसकट बँडच्या पहिल्या तीन अल्बममधली गाणी मंचावर वाजवायला २००६पर्यंत मनाई होती. उलट अमेरिकेत अभिनेता जिम कॅरीने, स्वतः चाहता असल्यामुळे, १९९४च्या ‘एस व्हेंचुरा’ या विनोदी चित्रपटात बँडला आणले, आणि ‘हॅमर स्मॅश्ड फेस’ डेथ मेटलचे नावही न ऐकलेल्या घरांत पोहोचले.

‘ब्रूटल’ डेथ मेटलच्या या घराण्याचा विस्तार आता जगभर आहे. मुंबईचा ‘गटस्लिट’ त्यातलाच. अशा अलीकडच्या बँडांचा वेग आणि सफाई ‘टूम’पेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि ते ऐकून ‘टूम’कडे परतणाऱ्या तरुण श्रोत्यांना तो जरा मवाळ वाटतो, असे मी पुष्कळदा ऐकले आहे. त्यांनी वेब्स्टरच्या त्या जागेवर कान ठेवावा. दोन माऱ्यांमध्ये केवढी मोकळी जागा सोडायची याचा निर्णय तिथे झाला आहे, आणि पुढच्या अनेकांनी वेगाच्या नादात ती जागाच बुजवून टाकली.

१९९५मध्ये बार्न्स बाहेर पडला आणि जॉर्ज फिशर आला. त्याचा दम मोठा, उच्चार स्वच्छ. जलद शब्द तो सहज पेलतो, आणि मंचावर त्याने ही जुनी गाणी वर्षानुवर्षे ताकदीने गायली आहेत. बहुतेक चाहते आज त्याच्या बाजूचे आहेत. मी या गाण्यांपुरता तरी बार्न्सचाच आहे. फिशरच्या तोंडी शब्द कळू लागतात, आणि जे बार्न्सच्या घशात निव्वळ नाद झाले होते ते पुन्हा त्या लिहिलेल्या ओळी होऊन बसते.